सोनकांबळे मामा आणि ढिगाऱ्याखालचा बालाजी

लातूरच्या आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचे तीन प्राध्यापक होते, पण प्रयोगशाळा उत्तम सोनकांबळे यांची होती. पगारपत्रकात ते प्रयोगशाळा परिचर, आणि प्राचार्यांपासून अकरावीच्या पोरांपर्यंत सगळ्यांचे मामा. कुठला लंबक डुगडुगतो, कुठला तराजू किंचित डावीकडे कलतो, कुठला व्होल्टमीटर पावसाळ्यात काम करायचं नाकारतो, हे त्यांनाच ठाऊक असे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक पोराचं रीडिंग बघत आणि मग हळूच मामांच्या चेहऱ्याकडे बघत. चेहरा हलला नाही, तर रीडिंग बरोबर.

मी मूळचा नांदेडचा, इंग्रजी शिकवायला लातुरात आलेलो. ज्या विषयाच्या जोरावर डॉक्टर होता येत नाही तो विषय शिकवणाऱ्याला लातुरात फुरसत फार. माझी ती सगळी फुरसत प्रयोगशाळेत मामांच्या टेबलाशी जायची. मामा शिरूर अनंतपाळकडचे. उंच, सडपातळ, पांढरा सदरा, आणि इतरांच्या खिशाला पेन असतं तसा त्यांच्या खिशाला स्क्रू ड्रायव्हर. बोलताना ते समोरच्याकडे न बघता हातातल्या वस्तूकडे बघत, त्यामुळे अनेकदा ते आपल्याशी बोलतायत की त्या वस्तूशी, असा संभ्रम पडे.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. कुणी म्हणालं, “काय गर्मी आहे हो मामा!” की ते विचारत, “मोजली का?” प्राचार्यांनी एकदा भाषणात सांगितलं, आपल्या उपक्रमाला प्रचंड प्रतिसाद मिळाला. मामा मागच्या रांगेतून माझ्या कानाशी पुटपुटले, “मोजला का इचारा.”

मोजण्याचा त्यांचा एक खाजगी प्रयोग वर्षानुवर्षं चालू होता. स्नेहसंमेलनाला पाहुणे येत. पाहुणे म्हणत, “मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे,” आणि मामा खिशातल्या खिशात प्रयोगशाळेचं स्टॉपवॉच दाबत. पाहुणे बसले की पुन्हा दाबत. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने नावं आणि वेळा लिहिलेल्या होत्या. “कुटलंबी रीडिंग तीनदा घ्यावं लागतं, सर,” ते मला म्हणाले, “आन् हे लोक बिचारे तीनतीनदा येऊन देत्यात.”

आमच्या तीन प्राध्यापकांपैकी एक देशमाने सर. त्यांनी ट्यूशनसाठी आधी एक खोली घेतली, मग गोडाऊन घेतलं, मग नोकरी सोडली. लातुरात तेव्हा क्लासचं पीक नुकतंच धरत होतं. चौकात सरांचा बोर्ड लागला. त्यावर वर सरांचा फोटो, खाली तिकिटाएवढे पोरांचे फोटो. मामा सायकल थांबवून बोर्ड बघत उभे राहत. “सरांचा फोटो दरसाली हातभर वाढून राहिला,” त्यांचं निरीक्षण. “पोरं हायत तेवडीच हायत.” पण देशमाने सर वाईट माणूस नव्हते, हे इथेच सांगतो. उत्साही होते, आणि उत्साहाला हार घालायला सतत कुणीतरी लागायचं, इतकंच.

आता बालाजीविषयी.

भूकंपाच्या आदल्या हिवाळ्यात कॉलेजचं श्रमदानाचं शिबिर औश्याच्या पलीकडच्या एका गावात होतं. मी शिबिरप्रमुख, आणि माझ्याकडून काही होणार नाही याची खात्री असल्याने प्राचार्यांनी मामांना सोबत दिलेलं. पोरांनी हट्ट धरला, एक दिवस व्हिडिओ दाखवा. लातूरहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला. कॅसेट मी नांदेडहून येताना उचलून आणली होती. तिचं लेबल निघालेलं होतं. दुकानदार म्हणाला होता, “इंग्लिश हाय, उडनाऱ्या मानसाचा.” गावात वीज दुपारीच असे. म्हणून शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या बांधून दुपारी अंधार केला, आणि पोरांच्या मागे सगळं गाव येऊन बसलं.

सिनेमा सुरू झाला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी इंग्रजीचा प्राध्यापक. पहिल्या दहा मिनिटांत मला ‘कम ऑन’ आणि ‘ओके’ एवढं समजलं, आणि तेवढं गावालाही समजलं होतं. मी घसा साफ करत होतो तोच मामा मीटरपट्टी घेऊन टीव्हीशेजारी उभे राहिले.

“ह्यो बालाजी,” ते म्हणाले. “हपिसात कारकून हाय. साधा मानूस. पन संकट आलं की आत जातो, उपरनं घेतो आन् उडतो. ही त्याची होनारी बायको. तिला उडतो त्यो मालूम हाय, कारकून हाय त्योबी मालूम हाय, पन दोगं एक हायत ह्ये मालूम न्हाई.”

“काहून?” एक बाई.

“चष्मा लावतो की त्यो.”

लोकांना पटलं. काळा कोट घातलेला लठ्ठ माणूस आला की मामा पट्टी आपटत, “ह्यो टेंडरवाला. गावातल्या सगळ्या बिल्डिंगी ह्यानंच बांदल्यात, आता ह्योच पाडनार.” खरी गोष्ट काय होती देव जाणे, पण मामांची मूळ गोष्टीपेक्षा सरस असावी. तिच्यात तहसीलदार होता, बोअर होता, आणि प्रत्येक माणूस जे करी ते का करी याला कारण होतं.

शेवटी एक भलीमोठी इमारत कोसळू लागली. बालाजीने ती खांद्यावर पेलली, खालची माणसं पळून जाईपर्यंत धरून ठेवली, आणि मग सगळा डोंगर त्याच्या अंगावर आला. धूळ. ढिगारा.

पडदा थरथरला आणि हळद सुरू झाली. पिवळ्या धोतरातला एक नवरदेव, भोवती बायका, मागे सनई. उमरीच्या कुणीतरी शेवटच्या वीस मिनिटांवर आपलं लग्न उतरवून घेतलं होतं. कॅसेट संपेपर्यंत लग्नच चाललं. बालाजी ढिगाऱ्याखाली, आणि वर अक्षता.

सगळे मामांकडे बघत होते. मामांनी पट्टी खाली ठेवली.

“संपला,” ते म्हणाले. “बालाजी गेला.”

“गेला?” पुढच्या रांगेतून एक माणूस उठला. निवृत्ती. गावातल्या माळवदांवर, म्हणजे घरांच्या सपाट मातीच्या छतांवर, माती टाकण्यात आणि ती चोपून बसवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. “असा कसा गेला? येवडी बिल्डिंग पेलनारा गडी! काढा की त्याला बाहीर!”

“इतकं वजन पडल्यावर मानूस राहील का, निवृत्ती?”

“आवो, मातीच ती! माती काय मानूस मारतीय व्हय?”

शिबिराचे उरलेले चार दिवस निवृत्ती मामांशी भांडत होता. सकाळी नाली खणायला खोऱ्या घेऊन यायचा आणि खोऱ्या टेकवून सुरुवात करायचा, “मामा, रातच्याला इचार केलाव म्या. त्यो निगाला आसंल.” त्याची बायको सोजरबाई शिबिराच्या भाकरी थापत असे. ती चुलीपासून ओरडायची, “ओ, आदी त्या नालीतून निगा तुमी, मंग बालाजीला काढा!” मामा हसायचे, पण हटायचे नाहीत. जे पडद्यावर दिसलं तेवढंच रीडिंग.

परत आल्यावर मामांना कुठेतरी टोचलं असावं. त्यांची धाकटी बहीण अर्धापूरला दिलेली. पुढे उन्हाळ्यात तिच्याकडे गेले तेव्हा ते दोन दिवस नांदेडात थांबले होते, एवढं मला कळलं. का, ते मी विचारलं नाही.

मग भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले होते. लातूर शहरात आमच्या भिंतींना तडे गेले, आम्ही रस्त्यावर आलो, आणि उजाडल्यावर हळूहळू कळत गेलं की औश्याच्या पलीकडे गावंच उरलेली नाहीत. मामा त्या सकाळी प्रयोगशाळेत आले, कपाट उघडलं, कप्प्या, दोर आणि दोन पहारी काढल्या, रजिस्टरला ‘गावाला नेल्या’ असं लिहिलं, सही केली आणि मिळेल त्या ट्रकने शिबिराच्या गावाकडे गेले. मी तिसऱ्या दिवशी पोरांना घेऊन पोचलो तेव्हा ते ओळखू येत नव्हते. डोक्यापासून पायापर्यंत माणूस मातीच्या रंगाचा. आमच्याकडे बघून एवढंच म्हणाले, “पोरांना पानी आनायला लावा. इकडं आनू नका.”

ते बाराव्या दिवशी परतले. कप्प्या धुऊन जागच्या जागी टांगल्या. मी समोर बसलो होतो. ते कप्पीकडे बघत म्हणाले, “दरसाली माळवदावर नवी माती टाकायचे सर. जुनी काडायचीच न्हाईत. वजन वाडतच गेलं.”

निवृत्ती सापडला नव्हता. म्हणजे सापडला असेलही. पावसात, घाईत, एकेका सरणावर इतकी माणसं गेली की कोण कोण होतं हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. सोजरबाई त्या रात्री बाळंत बहिणीकडे गेली होती म्हणून वाचली. तिने नवऱ्याला पाहिलं नाही, म्हणून तिच्या लेखी तो गेला नाही. पत्र्याच्या शेडमध्ये तिला एक खोली मिळाली. रोज सकाळी ती दोन भाकरी फडक्यात बांधायची, जुन्या गावाच्या ढिगाऱ्यापर्यंत चालत जायची, आणि ऊन तापलं की परत यायची. “जिता हाय त्यो,” म्हणायची. “खाली कुटं हवा आसंल, तितं आसंल.” पाच महिने झाले होते. शेडमधल्या लोकांनी तिला समजावणं सोडून दिलं होतं. सगळ्यांच्याच घरातलं कुणी ना कुणी गेलेलं, कोण कुणाला समजावणार?

मार्चमध्ये आमचं शिबिर पुन्हा तिथेच लागलं, शेडच्या वस्तीत. देशमाने सर जीप घेऊन आले. क्लासच्या वतीने लोकांना करमणूक द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मोठा टीव्ही, कापडी फलक, फलकावर सर. आणि कोरी करकरीत कॅसेट. “पुढचा भाग आहे,” ते आनंदाने म्हणाले. “मागच्या वेळी तुम्ही अर्धवट दाखवलात म्हणे. लोकांना जरा हसू द्या हो.”

मामांनी कॅसेटकडे बघितलं. “दुसरं काय न्हाई का, सर?”

“दुसरं कशाला? हाच तर चाललाय सगळीकडे!”

दुपारच्या उन्हात पत्र्याची शेड भाजत होती. तरी सगळे आले. सोजरबाई पुढे, निवृत्ती शाळेत जसा बसला होता तशीच पुढे. देशमाने सर खुर्चीवर. मामा पट्टी न घेता उभे राहिले. अक्षरं गेली, शहर आलं, आणि आभाळातून उपरणं फडफडत तो आला. धडधाकट, हसतमुख, केसांचा भांगसुद्धा मोडलेला नाही.

शेडमध्ये कुजबुज झाली. मग सोजरबाईचा आवाज आला, अगदी साधा.

“मामा, ह्यो तर गेलता न्हवं? तुमीच म्हनलाव.”

“अहो बाई!” देशमाने सर खुर्चीत वळून हसले. “तो मरत नसतो. तीच तर गंमत! ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर आला तो. मामा, सांगा की त्यांना.”

‘जिवंत’ हा शब्द त्या शेडमध्ये फार दिवसांनी मोठ्याने उच्चारला गेला होता. सोजरबाई मान वर करून मामांकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते मला अजून लिहिता येत नाही. मामांनी ‘हो’ म्हणायचा अवकाश होता.

“न्हाई,” मामा म्हणाले. “बालाजी गेला. ह्यो त्याचा धाकटा भाऊ. दत्ता.”

देशमाने सर उठू लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सबंध नोकरीत मी केलेल्या धाडसांपैकी ते एक.

“तोंडावळा तर त्योच हाय,” मागून एक म्हातारा.

“सख्खा भाऊ हाय, आबा. तोंडावळा न्हाई येनार व्हय?”

“मंग ह्यो उडतो कसा?”

“कपडे घरान्यातले हायत. थोरला गेल्यावर ह्यानं पेटी उगडली. लोक बोंबलून राहिले, कुनी तरी या म्हनून. मंग घातले ह्यानं.”

“त्याला येतं का पन नीट?”

“शिकतोय,” मामा म्हणाले, आणि नेमका त्याच क्षणी पडद्यावरचा गडी वळणावर एका खांबाला धडकला. शेड भूकंपानंतर पहिल्यांदा हसली.

पुढचे दोन तास मामांनी जे केलं तसं काम मी कुठल्याही प्राध्यापकाला करताना पाहिलेलं नाही. पडद्यावर प्रत्येक पात्र त्या माणसाला जुन्या ओळखीने भेटत होतं, आणि मामांना दर वेळी त्याचं कारण शोधावं लागत होतं. हपिसातला साहेब त्याच्या पाठीवर थाप मारतो? अनुकंपा तत्त्वावर भावाच्या जागेवर लागला. टेंडरवाला त्याला बघून दचकतो? दचकणारच, त्याला वाटलं भूत. पण मध्यंतरानंतर ती बाई आली, धावत गेली आणि तिने त्याचं तोंडभर चुंबन घेतलं. पोरं खाली बघू लागली. शेड मामांकडे बघू लागली.

मामांनी घाम पुसला.

“पाट लावलाय,” ते म्हणाले. “दिरासंगं. वरीस झालं थोरल्याला जाऊन. चार मानसं बसवून, रीतीनं.”

बायकांनी माना हलवल्या. “बरं केलं बाई,” कुणीतरी म्हणालं. “किती दिस बसंल?” विधवेचा दिराशी पाट लावणं तिथल्या लोकांना नवं नव्हतं. हॉलिवूडला आपण किती मोठ्या सामाजिक पेचातून सुटलो याची कल्पनाही आली नसेल.

सोजरबाई शेवटपर्यंत बसली. उठताना तिने मामांना विचारलं, “थोरल्याचं दिवस घातलं का त्यांनी?”

“घातलं की,” मामा म्हणाले. “त्येबगर पाट लागतो व्हय, माय?”

संध्याकाळी जीपपाशी देशमाने सर भडकले. “मामा, तुम्ही सरळ खोटं सांगितलंत! पहिल्या भागाच्या शेवटी तो बाहेर येतो. तुम्हाला माहीत नसेल तर बोलायचं कशाला?”

“म्हाईत हाय,” मामा म्हणाले. “उनाळ्यात नांदेडला त्याच पिच्चरची दुसरी कॅसेट बगितली म्या. सगळी. येतो त्यो वर. येतो, धूळ झटकतो, आन् हसतो.” ते जीपच्या टायरकडे बघत होते. “मी बारा दिस हुतो तितं, सर. एकबी हसत वर न्हाई आला.”

देशमाने सर जीपमध्ये बसले. जाण्याआधी उतरले, फलक काढला आणि घडी करून आत टाकला. मी म्हटलं ना, वाईट माणूस नव्हते.

दुसऱ्या दिवशी सोजरबाई ढिगाऱ्याकडे गेली नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. ती गेली. रोजच्या वेळेला, रोजच्या वाटेने. मी आणि मामा हौदावर तोंड धूत होतो. मामांनी मान वळवून बघितलं आणि मला कोपराने ढोसलं. तिच्या हातात फडकं नव्हतं. भाकरी बांधली नव्हती तिने. दुपारी परत आली, शेडच्या दारात बसली, आणि मग मोठ्याने रडली. शेजारणी धावल्या. पाच महिने त्या याचीच वाट बघत होत्या.

त्यानंतर दोनेक वर्षांनी ती दवाखान्यासाठी लातूरला आली तेव्हा कॉलेज विचारत विचारत प्रयोगशाळेत पोचली. नव्या गावठाणात घर मिळालं होतं, बहिणीची पोर शाळेसाठी तिच्याकडे राहत होती. हे सगळं सांगून झाल्यावर ती स्टुलावर नीट बसली आणि म्हणाली, “मामा, दत्ताचं फुडं काय झालं?”

तिसरा भाग तोवर मामांनी पाहिला नव्हता. त्यांनी प्रॅक्टिकलची बॅच अर्धा तास बाहेर थांबवली आणि तिसरा भाग सांगितला. दत्ताला एक मुलगी झाली होती. ती उडत नव्हती, पण गणितात हुशार होती.

पुढे लातूर बदललं. देशमाने सरांच्या क्लासच्या शाखा निघाल्या, नांदेडला, उदगीरला, आणखी कुठे कुठे. गल्ल्यागल्ल्यांत खोल्या, मेस, झेरॉक्स, आणि रविवारी सकाळी टेस्ट संपली की सिनेमाला लोटणारी पोरं. उडणाऱ्या माणसांचे सिनेमे आता हिंदीत यायचे, दरसाली यायचे, आणि एकाच्या सिनेमात दुसराही यायचा. मामा निवृत्त झाले तरी ते चुकवत नसत. पोरं त्यांना चहाच्या टपरीवर गाठत. “मामा, कसा वाटला?”

“ह्यो बगायचा तर आदीचे अकरा बगावे लागत्यात म्हने,” मामा बशीत चहा ओतत. “पिच्चर हाय का अभ्यासक्रम हाय? सरांच्या क्लासला आता आटवीपासून फाउंडेशन लागतं, तसं झालं ह्यांचं.”

“पण लढाई केवढी मोठी होती, मामा!”

“तेच तर. पैल्यांदा बिल्डिंग पाडली. मंग शहर पाडलं. मंग पृथ्वी. औंदा तर सगळे तारे पाडले. आता फुडल्या साली काय पाडनार? उरलंय काय? आन् इतकं पाडून ढिगारा उचलताना कुनी दिसलं का तुमाला? दुसऱ्या दिशी रस्ते साफ!”

एका पोराने एकदा त्यांना कोंडीत पकडलं. “मग तुम्ही काढला असता तर कसा काढला असता?”

मामांनी बशी खाली ठेवली. ते उत्तर तयार ठेवून होते असं मला वाटलं.

“शहर पडतं,” ते म्हणाले. “लोक वर बगून राहिलेत. आता येईल, मंग येईल. त्यो येतच न्हाई. अर्धा तास जातो. मंग एक बाई खाली वाकून एक दगड उचलते. बस. तितनं फुडं पिच्चर.”

“कोण बघणार मामा असला सिनेमा?”

“कुनी न्हाई,” मामा म्हणाले. “म्हनून तर काढत न्हाईत. भ्यात्यात. एकदा मेला आन् खरंच मेला, तर फुडल्या साली कुनाला इकतील? पन बाबा, त्यो मरतच नसंल, तर त्यो बिल्डिंग पेलतो त्याचं मी कवतिक कामून करू?”

मी या विषयावरचे लेख नंतर इंग्रजी वर्तमानपत्रांत वाचले. त्या मालिकांचं पुढे काय होणार, प्रेक्षक का कंटाळले, निर्माते नवं का करत नाहीत. लांबलचक असतात. मामांनी बशीभर चहात सांगितलं त्याच्या पुढे फारसं कुणी गेलेलं मला आढळलं नाही.

शेवटचं त्यांना पाहिलं ते नव्या मल्टिप्लेक्समध्ये. मीही निवृत्त झालो होतो. मामांचं वय सत्तरीच्या बरंच पुढे गेलेलं, गुडघे धरलेले. मीच त्यांना घेऊन गेलो, कारण पोरांनी सांगितलं होतं की या वेळी तो मरतो. दुपारचा खेळ, हॉल क्लासच्या पोरापोरींनी भरलेला. मामा चपला काढून मांडी घालून खुर्चीत बसले.

आणि खरंच, शेवटी तो मेला. आकाश त्याच्या अंगावर कोसळलं, आणि त्याचे सगळे सोबती भोवती गुडघ्यांवर बसले. कुणी विनोद केला नाही. माझ्या शेजारची मुलगी हुंदके देत होती. मी मामांकडे बघितलं. ते पडद्याकडे एकटक बघत होते, आणि त्यांचा हात, मला वाटतं त्यांच्या नकळत, नमस्कारासाठी छातीशी गेला होता.

“बरं झालं,” ते हळूच म्हणाले. “शेवटी केलं धाडस.”

नावं सुरू झाली. एकही पोर उठेना. दिवे मंद लागले, तरी सगळे जागेवर. मी शेजारच्या मुलीला विचारलं. ती डोळे पुसत म्हणाली, “थांबा ना काका. नावांनंतर एक सीन असतो. त्यात कळतं तो परत येणार ते.”

मामांनी ऐकलं. वाकून चपला शोधल्या, पायात घातल्या आणि उठले.

“मामा, दोनच मिनिटं,” मी म्हणालो.

“तुमी बसा, सर. निवांत या.”

मी बसलो. मला बघायचं होतं, हे कबूल केलं पाहिजे. मामा पायऱ्या उतरत गेले, एका हाताने भिंत धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. दोन्ही बाजूंना तीनचारशे पोरं पडद्याकडे डोळे लावून बसलेली. खाली पोचून त्यांनी दार ढकललं, आणि बाहेरच्या दुपारचं पांढरं ऊन एकदम आत आलं.

“ओ काका, दार लावा!” वरून कुणीतरी ओरडलं. “सुरू होतंय!”

मामा थांबले. त्यांनी बाहेर पाऊल टाकलं, मागे वळून दोन्ही हातांनी दाराची मूठ धरली, आणि आत बसलेल्यांना त्रास होणार नाही अशा बेताने, हळू हळू, दार लावून घेतलं.